मिरजेहून ठाण्यात बदली: आईचे डायलिसिस आणि वडिलांची बायपास लक्षात घेता घर कोणत्या भागात घ्यावे?

कृष्णाकाठी

नमस्कार. माझी बँकेतील बदली ठाण्याच्या वागळे इस्टेट भागातील शाखेत झाली असून शाळेची वार्षिक परीक्षा आटोपताच आम्ही सहकुटुंब मिरजेहून तिकडे येत आहोत. घरात आम्ही दोघे, यंदा आठवीत जाणारी मुलगी आणि माझे आईवडील. आईचे वय 68 आहे. मधुमेहामुळे तिची मूत्रपिंडे निकामी झाली असून आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करावे लागते आणि त्यासाठी डाव्या हातात फिस्टुला (सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) केलेला आहे. वडील 74 वर्षांचे आहेत. त्यांची बायपास झालेली आहे आणि अधूनमधून धाप लागते, तरी रोज सकाळी फिरायला गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

मिरजेत राहणाऱ्याला 'रुग्णालय जवळ आहे का' हा प्रश्न सहसा पडत नाही. 1894 साली सुरू झालेल्या वानलेस रुग्णालयामागोमाग गावात इतके दवाखाने उभे राहिले की सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही माणसे उपचारांसाठी आमच्याकडे येतात. त्यामुळे घर निवडताना हा विचार आम्ही प्रथमच करीत आहोत.

भाड्याने दोन शयनगृहांचे घर पाहत आहोत. तीन भाग मनात आहेत: घोडबंदर रस्त्यावरील वाघबीळ, जुन्या ठाण्यातील पाचपाखाडी किंवा नौपाडा आणि खाडीपलीकडे ऐरोली किंवा नेरुळ. माझ्या प्रवासाला थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल. ज्यांच्या घरी असे रुग्ण आहेत त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. केवळ रुग्णालयांची नावे नकोत, ती नकाशावर दिसतात.

पाचपाखाडीकर

आपण माझ्याच भागाचे नाव घेतले आहे, तेव्हा मी पक्षपाती आहे हे गृहीत धरून पुढचे वाचावे.

पाचपाखाडी, नौपाडा आणि चरई या पट्ट्याचा मोठा गुण म्हणजे येथून निघायला एकाहून अधिक वाटा आहेत. पूर्व द्रुतगती महामार्गालगतचे ज्युपिटर रुग्णालय, जे 2007 पासून चालू आहे, येथून दोन-तीन किलोमीटरवर आहे. महामार्ग तुंबला तर सेवा रस्त्याने जाता येते आणि तोही अडला तर आतून कॅडबरी नाक्यापर्यंत पोहोचता येते. पोखरण रस्ता क्रमांक 2 वरचे बेथनी रुग्णालयही आवाक्यात आहे. मुलुंडकडे जायचे झाल्यास तीन हात नाका ओलांडला की आपण महामार्गावर असतो आणि तेथून मुलुंड-गोरेगाव जोडरस्त्यावरचे फोर्टिस गाठता येते. महापालिकेचे मोठे रुग्णालय कळव्याला आहे. त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले असल्याने तेथे सर्व विभागांचे डॉक्टर असतात, पण गर्दीही तशीच असते. आपली शाखा वागळे इस्टेटमध्ये असेल तर कामाच्या वेळेतही आपण रिक्षाने घरी पोहोचू शकाल, आणि दोन वृद्ध माणसे घरात असताना ही गोष्ट लहान समजू नये.

आता उणिवा. येथील अनेक इमारती जुन्या आहेत, काहींना उद्वाहन नाही आणि ज्यांना आहे त्यांच्यात तीन माणसे मावली तरी पुष्कळ. शिवाय सध्या जिकडेतिकडे पुनर्विकास चालू आहे. भाडेकरार अकरा महिन्यांचा होतो आणि मध्येच सोसायटी रिकामी करण्याची नोटीस लागते, मग पुन्हा सामान हलवा. घर पाहायला गेल्यावर सोसायटीचा विकासकाशी करार झाला आहे का, हे मालकाला नव्हे, वॉचमनला विचारावे.

चौथा_मजला

पाचपाखाडीकरांनी 'तीन माणसे' हा आकडा उदारपणे दिला आहे. आमच्या लिफ्टमध्ये दोन माणसे आणि एक भाजीची पिशवी, एवढेच मावते.

घोडबंदरवासी

घोडबंदर रस्त्याचे नाव निघाले की लोक आधी वाहतुकीवर बोलतात, म्हणून मी दुसऱ्या बाजूने सुरुवात करतो. आमच्याकडे इमारती नव्या आहेत, लिफ्ट मोठ्या आहेत, आवारात सपाट चालण्याची वाट आहे, वीज गेली तर जनित्र आहे. आपल्या वडिलांना सकाळी फिरायला रस्त्यावर उतरण्याची गरज पडणार नाही. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत मध्यम आकाराची रुग्णालये बरीच झाली आहेत आणि डायलिसिसची सोयही काही ठिकाणी आहे. प्रत्येक गोष्टीसाठी माजिवड्यापर्यंत जावे लागते, हे चित्र आता जुने झाले.

वाहतुकीचे म्हणाल तर खरे आहे. मेट्रोच्या कामाने आमचा बराच अंत पाहिला आहे. पण रुग्णवाहिकेला लोक वाट देतात, हेही मी पाहिलेले आहे.

शंकेखोर

@घोडबंदरवासी, वाट देण्यासाठी बाजूला सरकायला जागा लागते. सकाळी कापूरबावडीला चारही रांगा भरलेल्या असताना इच्छा असूनही कोणी सरकू शकत नाही.

दुसरे असे की या रस्त्यावर घर कोणत्या बाजूला आहे याला फार महत्त्व आहे. आपले घर आणि रुग्णालय समोरासमोर दिसत असले तरी पुढच्या उड्डाणपुलाखालून वळून यावे लागते आणि नकाशावर अर्ध्या किलोमीटरचे अंतर प्रत्यक्षात दोन किलोमीटर होते. रात्री मोठी वाहने सुरू झाली की गायमुखच्या चढावर एक कंटेनर बंद पडला तरी मागे रांग लागते. आपले रुग्णालय माजिवड्याच्या दिशेला असेल तर याचा त्रास कमी, पण मीरा रोडकडचे एखादे रुग्णालय 'जवळच आहे' म्हणून धरून चालू नये.

सुमती_नेरुळ

माझ्या यजमानांचे डायलिसिस सहा वर्षे चालले, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

वरच्या सर्व प्रतिसादांत मोठ्या रुग्णालयापर्यंतचे अंतर मोजले जात आहे. ते आपल्या वडिलांसाठी ठीक आहे, कारण त्यांना तेथे तातडीने जावे लागले तर क्वचित लागेल. आपल्या आईंना मात्र आठवड्यातून तीन दिवस जायचे आहे आणि तीन दिवस परत यायचे आहे. त्यामुळे घर शोधण्याआधी डायलिसिसची खुर्ची शोधा. आमच्या वेळी चांगल्या केंद्रात जागा मिळण्यासाठी थांबावे लागले होते. सोमवार-बुधवार-शुक्रवार की मंगळवार-गुरुवार-शनिवार, सकाळची पाळी की रात्रीची, हे ठरल्याशिवाय घराला हो म्हणू नका. रात्री अकराला सुटणारी पाळी मिळाली, तर तेवढ्या वेळी आईंना कोण आणणार, हा प्रश्न घराच्या पत्त्याइतकाच मोठा असतो.

जाताना रुग्ण बरा असतो, खरी परीक्षा येतानाची असते. चार तास झाल्यावर सुया काढून दोन्ही ठिकाणी दाबून धरायचे, पट्टी बांधायची, रक्तदाब पाहायचा. तो उतरलेला असला तर तेथेच पाय वर करून पडून राहायचे. त्यानंतर दाराशी आल्यावर रिक्षावाला विचारतो, 'कुठे?' आणि जवळचे ठिकाण सांगितले की मान हलवून निघून जातो. आमचे घर केंद्रापासून किलोमीटरभरावर होते, म्हणजे चालायला फार आणि रिक्षावाल्याला कमी. त्यामुळे एक तर खरोखर चालत, चाकाच्या खुर्चीवरून जाता येईल इतके जवळ घर घ्या, नाहीतर तीन-चार किलोमीटर दूर घेऊन महिन्याचा ठरलेला रिक्षावाला लावा. आम्ही शेवटी हेच केले. तो सणासुदीलाही न चुकता येत असे आणि यजमानांच्या फिस्टुल्याच्या हाताला धक्का लागू नये म्हणून नेहमी त्यांना डावीकडे बसवत असे.

लोकलने डायलिसिसला जाण्याचा विचार कृपया करू नका. गर्दीत तो हात सांभाळणे शक्य होत नाही.

खाडीपलीकडे

सुमतीताई, 'खुर्ची आधी, घर नंतर' हे वाक्य या धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवे.

रक्तशुद्धी

मी डायलिसिस विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो, कोठे ते लिहीत नाही. सुमतीताईंनी लिहिलेले बरोबर आहे. त्यात थोडी भर घालतो.

केंद्र पाहायला जाल तेव्हा यंत्रे कोणत्या कंपनीची आहेत, हे विचारून फार उपयोग नाही. पुढील गोष्टी विचाराव्यात. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञ, स्वतः फेरी मारतात का आणि आठवड्यातून किती वेळा? डायलिसिस चालू असताना रुग्णाची प्रकृती बिघडली तर अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, की रुग्णवाहिका बोलवावी लागते? आपल्या आईंना मधुमेह आहे, म्हणजे हृदयाचा धोकाही धरून चालावा लागतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. रुग्णालयाबाहेरची स्वतंत्र केंद्रे स्वस्त आणि नीटनेटकी असतात, स्थिर प्रकृतीच्या रुग्णाला ती पुरतात, पण आपल्याबाबतीत मी रुग्णालयातील विभागाला झुकते माप देईन. हिपॅटायटिस बी आणि सीच्या रुग्णांसाठी वेगळी यंत्रे आहेत का, हे अवश्य पाहा. पाण्याच्या आरओ यंत्रणेची तपासणी केव्हा झाली, असे विचारल्यावर समोरचा माणूस गोंधळला तर काय समजायचे ते समजा.

मिरजेहून निघण्यापूर्वी तेथील डॉक्टरांकडून डायलिसिसचा सारांश लिहून घ्या. त्यात कोरडे वजन (अंगातले जादा पाणी काढल्यावरचे वजन), हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) मात्रा, कोणते डायलायझर (रक्त गाळणारी नळी), फिस्टुला कधी केला आणि विषाणू चाचण्यांचे अलीकडचे अहवाल असावेत. हे कागद हातात असतील तर नवीन केंद्र पहिल्याच दिवशी घेते, नसतील तर चाचण्यांमध्ये दोन-तीन दिवस जातात. तीन वेळांच्या वेळापत्रकात दोन दिवसांचा जो मोठा खंड पडतो तोच आधी जोखमीचा असतो, तो स्थलांतरामुळे आणखी लांबू देऊ नका. पोटॅशियम आणि अंगातले पाणी कोणाच्या सामानाच्या ट्रकची वाट पाहत नाही.

टोलनाका

नावावरून कोणी अंदाज बांधण्याआधी सांगतो, मी ऐरोलीत राहतो.

ऐरोलीचा मुद्दा येथे कोणी मांडलेला नाही. ऐरोली-मुलुंड पुलामुळे आम्हाला दोन शहरांची रुग्णालये मिळतात. पूल ओलांडला की मुलुंडचे फोर्टिस, ठाणे-बेलापूर रस्त्याने खाली गेले की कोपरखैरणे स्थानकाजवळचे रिलायन्स आणि त्याच्याही पुढे वाशी. महापालिकेचे राजमाता जिजाऊ रुग्णालय ऐरोलीतच आहे आणि भाजलेल्या रुग्णांसाठीचे नॅशनल बर्न्स सेंटरही येथेच आहे, अर्थात त्याची गरज कोणाला न पडो. ऑक्टोबर 2024 पासून हलक्या वाहनांना पुलावरचा टोल माफ झाल्याने नाक्यावरचा खोळंबाही कमी झाला आहे.

आपली शाखा वागळे इस्टेटला असेल तर ठाणे स्थानकापर्यंत ट्रान्स हार्बर लोकल आणि पुढे बस किंवा रिक्षा. रस्त्याने विटाव्यावरून येणार असाल तर पावसाळ्यात रेल्वे पुलाखाली पाणी साचते, हे ध्यानात ठेवा.

कृष्णाकाठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुमतीताई आणि रक्तशुद्धी यांचे प्रतिसाद मी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, 'एवढे सगळे आपल्या तिकडच्या नर्सबाईंनाच विचार, त्या लिहून देतील.' त्यांनी खरोखरच लिहून दिले, कोरड्या वजनासह.

वडिलांचा मात्र वेगळाच आग्रह आहे. त्यांचे म्हणणे असे की मिरजेतून निघायचे तर जेथे निदान गाणे ऐकायला मिळेल अशा ठिकाणी राहावे. तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत आयुष्य गेलेल्या माणसाला याहून वेगळे काय सुचणार! कोणी या बाबीवरही प्रकाश टाकल्यास उपकार होतील.

पाचपाखाडीकर

1978 पासून गडकरी रंगायतन आमच्याकडे आहे. प्रकरण मिटले.

खाडीपलीकडे

मिटले कसे? वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचे नाव आहे. म्हणजे सांगलीकर येथे आपल्याआधीच येऊन पोहोचले आहेत. काकांना नक्की वाशी-नेरुळकडे आणा.

स्टेथोस्कोप

विषय हृदयाचा निघाला आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. मी ठाण्यात जनरल प्रॅक्टिस करतो.

छातीत दुखू लागल्यावर 'मोठे रुग्णालय' हा निकष पुरेसा नाही. ज्या रुग्णालयात चोवीस तास अँजिओप्लास्टी करण्याची सोय, म्हणजे कॅथ लॅब आणि ती चालवणारी माणसे उपलब्ध आहेत, तेच आपल्या वडिलांचे रुग्णालय. रुग्ण आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी आणि मोठा झटका असेल तर 90 मिनिटांच्या आत रक्तवाहिनी उघडावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. घराखालच्या नर्सिंग होममध्ये आधी दाखल केले, तेथे सलाईन लावले, मग 'हलवा' म्हणाले, यात हा सारा वेळ जातो. अर्धांगवायूच्या बाबतीत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. तोही रात्री चालू असणारा हवा. दोन-तीन रुग्णालयांत फोन करून 'रात्री दोन वाजता अँजिओप्लास्टी होते का' एवढाच प्रश्न विचारा. उत्तर देताना किती वेळ लागतो त्यावरूनच बरेच कळते. आणखी एक, त्यांची बायपास झालेली असल्याने जुना शस्त्रक्रियेचा अहवाल आणि कोणत्या नसा कोठे जोडल्या त्याची नोंद फोनमध्ये छायाचित्र काढून ठेवा.

शंकेखोर

डॉक्टरसाहेब, मला थोडे असहमत व्हावेसे वाटते. वर्षातून एकदाही न येणाऱ्या प्रसंगासाठी घराचे भाडे वाढवून घ्यायचे आणि दर पंधरा दिवसांनी ताप, खोकला किंवा साखर वाढल्यावर दाखवायला कोणी नाही, अशी अनेक कुटुंबांची अवस्था असते. माझ्या मते सोसायटीपासून चालत जाता येईल असा, रुग्णाला नावाने ओळखणारा एक फॅमिली डॉक्टर हीच पहिली अट असावी. मोठ्या रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून तपासण्यांची यादी सुरू होते आणि वृद्ध माणूस मूळ दुखण्यापेक्षा त्या यादीनेच दमतो.

स्टेथोस्कोप

फॅमिली डॉक्टरविषयी आपण लिहिले ते मला व्यवसाय म्हणूनही मान्य आहे! पण दोन्हींपैकी एक निवडा, असा हा प्रश्न नाही. फॅमिली डॉक्टरला ज्या रुग्णालयातले लोक ओळखतात तेथे रुग्ण लवकर पाहिला जातो, निदान कोणाला फोन करायचा ते माहीत असते. माझा आक्षेप फक्त मधल्या थांब्याला आहे.

उरण_फाटा

नवी मुंबईत येणार असाल तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, मुलीलासुद्धा, पाठ करून घ्यायला लावा. येथे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी, नेरुळ अशा प्रत्येक उपनगरात, सेक्टरचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. सेक्टर 10 वाशीतही आहे, नेरुळमध्येही आहे आणि खारघरमध्येही आहे. घाबरलेला माणूस 108 क्रमांकावर 'सेक्टर 10, प्लॉट अमुक' एवढेच सांगतो आणि नोडचे नाव राहून जाते. आमच्या शेजारी असे घडले. रुग्णवाहिका आली, पण आधी दुसऱ्याच नोडमध्ये जाऊन आली. पत्ता सांगताना आधी नोड, मग सेक्टर, मग जवळची शाळा किंवा मंदिर, या क्रमाने सांगावा.

108 ही सेवा विनामूल्य आहे, राज्यात 2014 पासून चालू आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. मात्र ती आपल्याला आपल्या पसंतीच्या खाजगी रुग्णालयातच नेईल, असे धरून चालू नये. रुग्णालयाच्या स्वतःच्या हृदयरुग्णवाहिकेचा क्रमांक वेगळा असतो, तोही फ्रिजवर लावून ठेवा.

खारघरचा_वारा

खारघरचे नाव कोणी घेतले नाही याचे वाईट वाटले. टाटा मेमोरियलचे कर्करोग केंद्र अॅक्ट्रेक येथे सेक्टर 22 मध्ये आहे, लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय येथे आहे आणि नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो चालू झाल्याने अंतर्गत सेक्टरांतून बेलापूर स्थानकाला जाणे सोपे झाले आहे.

सुमती_नेरुळ

खारघर मला आवडते, परंतु कृष्णाकाठींच्या आईंना कर्करोग नाही आणि वडील लहान मूल नाहीत. रुग्णालय नामांकित असणे वेगळे आणि आपल्या आजाराचे असणे वेगळे. नवीन पनवेलच्या शंकरा नेत्र रुग्णालयाजवळ राहून मूत्रपिंडाला काय फायदा?

तसेच वडिलांना धाप लागते असे त्यांनी लिहिले आहे. तळोजा औद्योगिक वसाहतीकडच्या सेक्टरांत रात्री रासायनिक वास येत असल्याच्या तक्रारी आहेत, घर पाहायला दुपारी न जाता रात्री दहानंतर जावे.

खारघरचा_वारा

वासाबद्दल वाद घालत नाही. पाण्याबद्दल कोणी विचारू नये, एवढीच विनंती.

विम्यातला

रुग्णालयाच्या अंतराइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ते रुग्णालय आपल्या विमा कंपनीच्या यादीत आहे का. बँकेच्या सामूहिक विम्यात आईवडील अवलंबित म्हणून धरले जातात का, वडिलांना निवृत्तिवेतन असेल तर त्याची मर्यादा आड येते का, हे बदलीपूर्वी लेखी विचारून घ्या. डायलिसिससाठी रात्रभर दाखल व्हावे लागत नाही, तरी बहुतेक पॉलिसींमध्ये ते 'डे-केअर' उपचारांत धरले जाते, मात्र दर वेळी पूर्वमंजुरी लागते. एकाच नावाच्या रुग्णालयाच्या एका शाखेत कॅशलेस असते आणि दुसऱ्या शाखेत नसते, तेव्हा यादीत पत्ता पाहावा, नुसते नाव पाहू नये. नवी पॉलिसी घेण्याचा विचार असेल तर आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल 2024 च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षे असतो, म्हणजे आज तिचा उपयोग नाही.

याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांमध्ये डायलिसिस होते आणि आता तिचे छत्र सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत, कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत नेले आहे. शिधापत्रिका मिरजेची असली तरी चालते, कारण योजना राज्याची आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या खिडकीवर आधी चौकशी करावी. बँकेत चांगला पगार असणारे लोक संकोचाने तिकडे फिरकत नाहीत. डायलिसिस हा वर्षानुवर्षांचा खर्च असल्याने संकोच करू नये, असे माझे मत आहे.

रक्तशुद्धी

विम्यातला यांना दुजोरा. योजनेतल्या खुर्च्या आणि पैसे भरणाऱ्यांच्या खुर्च्या काही ठिकाणी वेगवेगळ्या मोजल्या जातात. जागा विचारताना कोणत्या खात्यातून येणार ते सांगून विचारा, नाहीतर 'जागा आहे' हे उत्तर अर्धेच ठरते.

नेरुळ_पश्चिम

नेरुळच्या बाजूने थोडक्यात लिहितो. डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये येथेच आहेत, महापालिकेचे मीनाताई ठाकरे रुग्णालय आहे आणि 2016 मध्ये सुरू झालेले बेलापूरचे अपोलो पारसिक हिल रस्त्यावर, म्हणजे आमच्या सीमेवरच आहे. महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयांत खर्च कमी येतो आणि निवासी डॉक्टर रात्रीही हजर असतात. पामबीच आणि शीव-पनवेल महामार्ग असे दोन समांतर मार्ग असल्याने एकावर अपघात झाला तरी दुसरा मोकळा मिळतो. ज्येष्ठांसाठी महापालिकेची विरंगुळा केंद्रे आहेत, त्यांत भजन होते, पत्ते होतात आणि क्वचित गाणेही होते. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही, तेवढे पाहून घ्या.

आपला प्रवास मात्र लांबेल. नेरुळहून ठाण्याला थेट लोकल आहे, तरी वागळे इस्टेटपर्यंत दारातून दारात तासाभराहून अधिक धरा.

चौथा_मजला

विनोद बाजूला ठेवून एक लिहितो. आमच्याकडे सासऱ्यांना रात्री खाली आणायची वेळ आली तेव्हा स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकले. शेवटी शेजारच्या तिघांनी त्यांना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवून, चादरीने बांधून खाली आणले आणि घरातून रस्त्यापर्यंत लागलेला वेळ हा रस्त्यापासून रुग्णालयापर्यंतच्या वेळेपेक्षा जास्त होता. घर पाहायला जाल तेव्हा मोजपट्टी घेऊन जा. लिफ्टची खोली सहा फुटांहून जास्त असेल तर स्ट्रेचर जाते. पहिल्या मजल्यावरचे घर मिळाले तरी जिन्याचे वळण पाहाच.

उंच इमारतीत मोठी लिफ्ट असते, परंतु ती सामान वाहण्यासाठी म्हणून रात्री कुलूप लावून ठेवणाऱ्या सोसायट्याही आहेत. किल्ली कोणाकडे असते, हेही विचारावे.

घोडबंदरवासी

आमच्या सोसायटीत ती किल्ली सचिवांकडे असते आणि सचिव शनिवार-रविवार अलिबागला असतात. हा प्रतिसाद वाचून आज समितीच्या गटावर विषय काढला आहे.

कृष्णाकाठी

गेल्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी दोन दिवस येऊन गेलो. येथे लिहिलेल्या क्रमानेच काम केले. घरे न पाहता आधी ठाण्यातील तीन आणि नवी मुंबईतील दोन डायलिसिस विभाग पाहिले. एका ठिकाणी जागा होती, पण पाळी पहाटे पाचची. दुसऱ्या ठिकाणी विभाग चकचकीत होता आणि नेफ्रॉलॉजिस्ट किती वेळा येतात, या प्रश्नावर 'फोनवर उपलब्ध असतात' असे उत्तर मिळाले. ठाण्यातील एका रुग्णालयात मंगळवार-गुरुवार-शनिवार सकाळी अकराची पाळी मिळते आहे. अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे, कॅथ लॅब चोवीस तास चालू असते आणि बँकेच्या विम्याच्या यादीत त्या पत्त्याची नोंद आहे. मिरजेचा सारांश पाहून तेथील सिस्टर म्हणाल्या, 'हे असे कागद सगळ्यांनी आणले तर आमचे काम अर्धे होईल.' त्यामुळे ऐरोली आणि नेरुळ दोन्ही सध्या मागे पडले. नवी मुंबईकरांनी राग मानू नये.

आता दोन घरे डोळ्यांसमोर आहेत. एक पाचपाखाडीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट लहान, रुग्णालयाचे अंतर अडीच किलोमीटर. दुसरे माजिवड्याच्या अलीकडे नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर, मोठी लिफ्ट, अंतर किलोमीटरभर, भाडे चार हजारांनी जास्त. पत्नीचा कल दुसऱ्याकडे आहे, वडिलांचा अर्थातच रंगायतनकडे.

पाचपाखाडीकर

मन जड करून लिहितो, मोठी लिफ्ट घ्या. पाचपाखाडीतल्या त्या इमारतीचा पुनर्विकास निघाला तर आईंना घेऊन पुन्हा घर बदलणे कठीण जाईल. रंगायतनला रिक्षाने येता येते आणि काकांना सोबत हवी असेल तर मी आहे.

सुमती_नेरुळ

किलोमीटरभर, म्हणजे रिक्षावाला नाही म्हणेल तेच अंतर! घर घ्या, पण पहिल्याच आठवड्यात महिन्याचा रिक्षावाला ठरवा. परतीची वेळ तीन ते साडेतीनची असेल. त्या वेळी शाळा सुटतात आणि सगळे रिक्षावाले मुलांच्या फेऱ्यांत गुंतलेले असतात, म्हणून शाळेची मुले न नेणारा माणूस पाहा. पाळी अकराऐवजी साडेदहाची करून मिळते का, तेही विचारून बघा.

कृष्णाकाठी

विचारले. पावणेअकरापर्यंत तयार झाले आहेत. रिक्षावाल्यासाठी त्या इमारतीच्या वॉचमनला गाठतो आहे आणि त्याच फेरीत लिफ्टच्या किल्लीचेही विचारून घेतो.